अलिकांतेची आग आणि ‘चार दिवसांचं स्पेन’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘स्पष्टवक्ता’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

नमस्कार. स्पेनमधल्या अलिकांते शहरात जूनमध्ये सान हुआनच्या, म्हणजे बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या सणाला मोठे पुतळे जाळतात. त्या होळ्यांवर, म्हणजे ‘ओगेरास’वर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही प्रतिक्रिया दिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश देते. तुमचं म्हणणं असं : “मॅडम, 1928 साली पर्यटक आणायला काढलेल्या जत्रेला परंपरा म्हणू नका. थर्माकोलचे पुतळे जाळून काळा धूर सोडणाऱ्यांचं कौतुक करायचं आणि आपल्या होळीला मात्र शहाणपण शिकवायचं, हे नेहमीचंच. निखाऱ्यांवर चालणं ही अंधश्रद्धा आहे. गोव्याचा सांजाव उगाच ओढून आणलाय. चार दिवस स्पेन बघून आलेल्यांनी लेख लिहू नयेत.”

मतभेदाचं मला वावडं नाही. या ब्लॉगवर माझ्याशी कडाडून भांडणारे वाचक आहेत आणि त्यांच्याकडून मी शिकले आहे. पण ते आधी लेख वाचतात, मग भांडतात. तुम्ही लेख वाचण्याआधीच माझ्याबद्दल मत बनवलंत, असं मला तुमच्या शेवटच्या वाक्यावरून वाटतं. त्यामुळे आधी त्याच वाक्याबद्दल बोलते.

मी अलिकांतेत चार दिवस नव्हते. तिथे मी संसार केला. नवऱ्याची नोकरी तिथे होती, मुलगा तिथल्या शाळेत जायचा, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी आमच्या वस्तीच्या ओगेरा समितीत होत्या. भाषा धड येत नव्हती तेव्हा त्यांनीच मला हाताला धरून समितीच्या खोलीत नेलं. मिरवणुकीच्या कपड्यांना टाके घालायला मी तिथे बसले आहे, नाताळच्या लॉटरीची तिकिटं घेऊन शेजाऱ्यांची दारं वाजवली आहेत. तुमच्या माहितीसाठी सांगते, पुतळ्यांचे पैसे असेच उभे राहतात. महिन्याची वर्गणी, लॉटरी, जेवणावळी, दुकानदारांच्या देणग्या. पालिकेची मदत असते, पण तेवढ्यावर भागत नाही. जूनमध्ये जो पुतळा तासाभरात जळतो त्याच्यासाठी वस्ती मागच्या उन्हाळ्यापासून राबत असते. हे बसमधून उतरून फोटो काढणाऱ्याला दिसत नाही. मी ते रोज पाहत होते, म्हणून लिहिलं.

आता 1928. हे साल तुम्ही असं टाकलंय जणू मी ते लपवलं होतं. ते माझ्याच लेखात आहे, दुसऱ्या परिच्छेदात. होसे मारिया पी हे मूळचे कादिसचे. ते वालेन्सियात राहिलेले होते, तिथला मार्चमधला, पुतळे उभारून जाळण्याचा फायास सण त्यांनी पाहिला होता. अलिकांतेत पर्यटक यावेत म्हणून काम करणाऱ्या संस्थेपुढे त्यांनी कल्पना मांडली की आपल्याकडे सान हुआनच्या रात्री लोक आग पेटवतातच, तर तिला फायाससारखं रूप देऊया. त्यात पर्यटनाचा हेतू होता. होताच, मी कुठे नाकारलंय? पण ‘लोक आग पेटवतातच’ हा भाग तुम्ही वगळलात, आणि माझ्या मते सगळं त्यातच आहे.

पी यांनी पुतळे आणले, स्पर्धा आणल्या, समित्या आणल्या. आग त्यांनी आणली नाही. एकोणिसाव्या शतकात अलिकांतेच्या पालिकेने रस्त्यात होळ्या पेटवायला आणि फटाके उडवायला बंदी घालणारी फर्मानं काढली होती. जी गोष्ट कोणी करतच नाही तिच्यावर बंदी कोण घालेल? लोक मोडक्या खुर्च्या, जुन्या चटया, घरातली अडगळ गल्लीत आणून पेटवत होते. शहराच्या बाहेर पाहा. आ कोरुन्या शहराच्या रियाथोर आणि ओर्थान किनाऱ्यांवर 23 जूनच्या रात्री शेकडो होळ्या पेटतात, सार्डिन मासे भाजले जातात, पोरं ज्वाळांवरून उड्या मारतात. घरोघरी बडीशेपेची पानं, रोजमेरी, सान हुआनची पिवळी फुलं पाण्यात घालून ते भांडं रात्रभर उघड्यावर ठेवतात आणि सकाळी त्या पाण्याने तोंड धुतात. कातालोनियात साखरेत मुरवलेली फळं घातलेला ‘कोका’ नावाचा गोड पाव खातात आणि चौकाचौकात आग असते. पिरेनीज पर्वतातल्या गावांत पेटत्या मशाली खांद्यावर घेऊन लोक डोंगर उतरतात. स्पेन, फ्रान्स आणि आंदोरा या तिन्ही देशांतल्या त्या आगीच्या सणांना युनेस्कोने 2015 साली वारसा यादीत घेतलं. हे सगळं 1928 साली अलिकांतेच्या एका बैठकीत ठरलं का?

तारखेचंही तेच. बायबलमधल्या लूकच्या वृत्तांताप्रमाणे योहान येशूपेक्षा सहा महिन्यांनी मोठा. म्हणून येशूचा जन्म 25 डिसेंबरला आणि योहानाचा 24 जूनला. एक सण वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांच्या आसपास, दुसरा सगळ्यात मोठ्या दिवसांच्या. युरोपभर या रात्री आग पेटते ती याच सुमाराला.

आणि समजा, तुमचं सगळं मान्य केलं. समजा 1928 च्या आधी काहीच नव्हतं. तरी काय? सार्वजनिक गणेशोत्सव 1893 पासूनचा. त्याआधी गणपती घरात बसत होते, चौकात आले ते कोणीतरी ठरवलं म्हणून. पुण्यातल्या जुन्या मंडळाच्या कार्यकर्त्याला तुम्ही जाऊन सांगाल का, की तुझा सण ही काढलेली जत्रा आहे? सांगणार नाही. मग माझ्या त्या खालच्या मजल्यावरच्या आजींना तरी का सांगता? त्यांनी सण बंद पडलेला पाहिला होता. यादवी युद्धाच्या काळात होळ्या पेटल्या नाहीत. 25 मे 1938 रोजी अलिकांतेच्या मंडईवर बाँब पडले, तीनशेच्या वर माणसं गेली. आजी तेव्हा लहान होत्या. त्या शहराने नंतर पुन्हा समित्या उभ्या केल्या. 2020 साली कोरोनामुळे सण रद्द झाला तर 2021 ला तो सप्टेंबरात केला, जूनची वाट पाहिली नाही. पर्यटकांसाठीची जत्रा असती तर पर्यटक नसताना लोक एवढे कासावीस झाले नसते.

24 तारखेच्या रात्री बारा वाजता बेनाकांतिल डोंगरावरच्या किल्ल्यावरून शोभेच्या दारूचं पांढरं झाड आकाशात उमलतं. तिथल्या लोकांना ते ताडासारखं दिसतं, म्हणून ‘पाल्मेरा’ म्हणतात. ती खूण झाली की पालिकेच्या चौकातला पुतळा पेटतो आणि मग एकेका वस्तीचा, पहाटेपर्यंत. बंबवाले भिंती आणि झाडं भिजवत असतात आणि पोरं ‘पाणी, पाणी’ ओरडत पाइपाच्या तोंडाशी जातात. भिजणं हाही सणच. पुतळ्यात मंत्री असतात, बँका असतात, वाढलेली घरभाडी असतात. वर्षभर ज्यांनी छळलं त्यांना वस्ती आधी हसते आणि मग जाळते. एक बाहुलं लोकांच्या मतांनी वाचवलं जातं आणि संग्रहालयात ठेवलं जातं. पहिल्या पुतळ्याला आग लागली तेव्हा आजी माझा हात घट्ट धरून रडत होत्या. त्यांच्या सणाला ‘काढलेली जत्रा’ म्हणणाऱ्या माणसाशी सभ्यपणे बोलणं मला जड जातंय, हे मी लपवत नाही.

बाकीचे मुद्दे थोडक्यात.

निखाऱ्यांवर चालणं हे अलिकांतेत नाही. ते सोरिया प्रांतातल्या सान पेद्रो मानरिके या गावात. ओकच्या लाकडांचे निखारे करून गावकरी अनवाणी त्यावरून जातात, बहुतेकदा पाठीवर आपलं माणूस घेऊन. चालणाऱ्याच्या आणि बघणाऱ्या नातलगांच्या हृदयाचे ठोके एकाच लयीत चढतात-उतरतात, अनोळखी बघ्यांचे तसे होत नाहीत, असं तिथे केलेल्या आणि 2011 साली छापून आलेल्या अभ्यासात दिसलं. अंधश्रद्धा म्हणून मोकळं होण्याआधी एवढं वाचा.

सांजाव ओढून आणलेला नाही. तोच संत, तीच 24 जून. गोव्यात तो पोर्तुगीजांकडून आला, पावसाळ्यात आला, म्हणून तिथे डोक्यावर फुलापानांचं कोपेल घालून विहिरीत उड्या मारतात. मी एका ओळीत उल्लेख केला, त्यावर तुमचा आक्षेप काय आहे हे मला कळलं नाही.

आपल्या होळीला शहाणपण शिकवणारं एकही वाक्य मी या ब्लॉगवर लिहिलेलं नाही. शोधा, सापडलं तर दाखवा. दुसऱ्या कोणाचा राग माझ्यावर काढू नका.

थर्माकोलबद्दल तुम्ही बरोबर आहात. पूर्वी पुतळे लाकूड आणि पुठ्ठ्याचे असत, आता बरेचसे थर्माकोलचे असतात आणि तो धूर वाईटच. याबद्दल मी लेखात एवढंच लिहिलं होतं की धूर काळा असतो. त्यावर जास्त लिहायला हवं, हे मान्य. काही कारागीर पुन्हा लाकडाच्या पट्ट्यांकडे वळले आहेत, त्यांच्याबद्दल लिहीन. तुमच्याकडे माहिती असेल तर जरूर पाठवा, स्वतःच्या नावाने आणि टोमण्यांशिवाय.