धुरात व्हिनेगर सापडलं, म्हणून धूर औषध झाला?

सांगली-मिरजेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरतंय: ‘प्रयोगशाळेत तंबाखूच्या धुरात व्हिनेगरचंच आम्ल सापडलं, घशातले जंतू मरतात.’ पहिलं अर्धं खरं, पुढचं शुद्ध थाप.

काचतंतूंच्या गाळणीवर धुराचा चिकटा धरतात, निसटणारी वाफ द्रावणात पकडतात आणि क्रोमॅटोग्राफीने एकेक आम्ल वेगळं करून मोजतात. व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल सापडतंच, मुंगीच्या डंखातलं फॉर्मिकही. पण ही चाचणी आम्लांपुरतीच. कार्बन मोनॉक्साइडसारखा विषारी वायू, कर्करोग घडवणारं बेंझोपायरीन तिच्या कागदावर उमटणार कुठून?

उलट आम्लांमुळे निकोटिन लवणरूपात बांधलं जातं, धूर घशाला कमी झोंबतो आणि झुरका आणखी खोल जातो. जंतू राहिले बाजूलाच! घसा धरलाय तर हळद-मिठाच्या गुळण्या करा की, सांगलीत हळदीला काय तोटा?