‘एका रात्रीत पिंपल गायब’ म्हणे!

‘डॉक्टर कधीच सांगणार नाहीत असे सहा घरगुती उपाय! पिंपल एका रात्रीत गायब!’ हा मेसेज इतक्या ग्रुपवर फिरतोय की तो दिसला की मी पुढे सरकायचे. परवा मात्र माझ्या भाचीने त्यातला दुसरा उपाय करून बघितला आणि गालाचा फोटो पाठवून विचारलं, ‘‘मावशी, हे जाईल ना गं?’’ तेव्हा म्हटलं, आता लिहायलाच हवं.

उपाय असे: टूथपेस्ट, लिंबू आणि खाण्याचा सोडा, लसूण, जाळलेली सुई, बर्फ आणि शेवटी ‘घरात असेल ती खाजेची ट्यूब’.

मुळात ते ‘एका रात्रीत’च खोटं आहे. सकाळी आरशात दिसलेली पुटकुळी आदल्या रात्री उगवलेली नसते. रोमरंध्रात तेल आणि मेलेल्या पेशी साठून ते बुजायला लागतं, त्याला कित्येक आठवडे झालेले असतात. आपल्याला दिसते ती शेवटची सूज. ती बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआप उतरते. म्हणजे काहीही लावलं तरी आठवड्याभराने ‘गुण आला’ म्हणायला आपण मोकळे.

आता लिंबू-सोडा. मेसेजमध्ये लिहिलंय, ‘लिंबाच्या रसात सोडा घालून लावा, फेस येईल, म्हणजे आतला मळ बाहेर पडतोय.’ अहो, तो फेस कार्बन डायऑक्साइडचा आहे! आम्ल आणि सोडा एकत्र आले की तो येतोच. चमच्यात करून बघा, तिथे कुठे पिंपल असतो? शिवाय प्रमाण कुणी मोजत नाही. रस जास्त पडला तर मिश्रण आम्ल राहतं, सोडा जास्त पडला तर अल्कली. त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण 5 च्या आसपास आणि लिंबाच्या रसाचा 2 च्या आसपास. हे आकडे जवळजवळ वाटतात, पण या मोजपट्टीवर प्रत्येक पायरी दहापटीची असते. तीन पायऱ्या म्हणजे हजारपट आम्ल, आणि तेही आधीच सुजलेल्या जागेवर.

पण चुरचुरणं हा त्यातला किरकोळ भाग. लिंबूवर्गीय फळांत फ्युरोकुमारिन नावाची द्रव्यं असतात. ती त्वचेवर असताना उन्हातले अतिनील किरण पडले की त्वचा अक्षरशः भाजते. लगेच कळतही नाही. एक-दोन दिवसांनी लाली येते, कधी फोड येतात आणि मग उरतो तपकिरी डाग. वैद्यकशास्त्रात याला फायटोफोटोडर्मटायटिस म्हणतात. मेसेज सांगतो, ‘धुवू नका, सुकू द्या.’ भाचीने घाईत सकाळी लावलं आणि तशीच उन्हात बाहेर पडली. फोटोत पिंपलचा पत्ताही नाही, मान्य. पण गालाच्या मधोमधपासून हनुवटीपर्यंत तपकिरी पट्टा आहे, वर रुंद, खाली निमुळता, रस जसा ओघळला अगदी तसा. पिंपल गेला असता चार दिवसांत. हा डाग जायला काही महिनेही लागू शकतात आणि तोवर उन्हापासून जपायचं ते वेगळंच.

लसणाबद्दल एवढंच: कच्चा लसूण त्वचेवर बांधून ठेवल्याने भाजल्याच्या केसेस वैद्यकीय नियतकालिकांत छापून आल्या आहेत. बास.

टूथपेस्टने पिंपल सुकतो, हे अर्धं खरं आहे. सुकतो, पण भोवतालची चांगली कातडीही सुकते, लाल होते आणि तिचे पापुद्रे निघतात. मेंथॉलमुळे गार वाटतं, त्याला लोक ‘काम करतंय’ म्हणतात. ती दातांसाठी बनवलेली आहे, दातांना लावा.

सुईचं म्हणाल तर ती जाळून निर्जंतुक झाली असं धरून चालू. पुढे दाबणार कशाने? बोटांनीच ना? दाबल्यावर सगळं बाहेरच येतं असं नाही. रोमरंध्राची भिंत आतल्या आत फुटली की तो ऐवज खोल पसरतो, सूज वाढते आणि खड्डा राहू शकतो. नाकाच्या आसपासचा पिंपल फोडला की संसर्ग मेंदूपर्यंत जातो, असं घाबरवणारेही मेसेज असतात. ते फार क्वचित घडतं, उगाच झोप उडवून घेऊ नका. पण डोळ्याभोवती सूज चढली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

बर्फ ठीक आहे. हो, नाइलाजाने का होईना, मान्य करते. फडक्यात गुंडाळून मिनिटभर धरला तर सूज आणि ठणका थोडा कमी होतो. थेट कातडीवर घासायचा नाही.

आणि ती ट्यूब. या यादीतला हा एकच उपाय खरोखर रात्रीत फरक दाखवू शकतो आणि म्हणूनच तो सगळ्यात फसवा आहे. खाजेच्या बऱ्याच मलमांत स्टेरॉइड असतं. त्याने लाली आणि सूज दबते, माणूस खूश होतो आणि पुढच्या पुटकुळीलाही तेच लावतो. असं चालू राहिलं की चेहऱ्याची कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसायला लागतात, नवे पिंपल उठतात आणि ट्यूब बंद केली की चेहरा लालेलाल होतो.

राहिलं ‘डॉक्टर सांगणार नाहीत’. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मॅटॉलॉजीने 2024 मध्ये मुरुमांवरच्या उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं उघडपणे छापली आहेत. त्यात बेंझॉइल पेरॉक्साइड या मुरुमांवर लावायच्या औषधाची ठाम शिफारस आहे, सॅलिसिलिक ॲसिडची थोडी हातचं राखून. आणि ‘नैसर्गिक’ म्हणून खपणाऱ्या टी ट्री तेलाबद्दल पुरावा अपुरा असल्याचं म्हटलंय. मोठ्या, दुखऱ्या गाठीत त्वचारोगतज्ज्ञ स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात, तेही त्यात आहे. तिथे मात्रा मोजून दिलेली असते, ट्यूब पिळलेली नसते.

बेंझॉइल पेरॉक्साइड 2.5 टक्क्यांचं घ्या. 1986 मध्ये छापून आलेल्या एका तुलनेत सुजलेल्या पिंपलवर ते 10 टक्क्यांइतकंच चाललं आणि आग मात्र कमी झाली. पातळ थर पुरे. उशीचा अभ्रा पांढरा घाला, कारण ते रंग उडवतं. पिकून तोंड आलेल्या पुटकुळीवर हायड्रोकोलॉइडचा (ओल शोषून जेलसारख्या होणाऱ्या पदार्थाचा) छोटा चिकट पॅच लावला तर स्राव शोषला जातो आणि मुख्य म्हणजे बोटं तिथे जात नाहीत. दोन्ही एकदम लावू नका.

उद्या सकाळी फोटोला उभं राहायचं असेल तर रात्री बर्फ धरा आणि सकाळी वरून कन्सीलर लावा. रोमरंध्रं बुजवणार नाही असा बघून घ्या आणि काढताना घासू नका.