रक्त येतं म्हणून ब्रश बंद?

'डॉक्टर, त्या बाजूने रक्त येतं म्हणून तिकडे ब्रश लावतच नाही.' दातांच्या दवाखान्यात हे इतक्यांदा ऐकलंय की आता रागसुद्धा येत नाही. अहो, रक्त येतंय ते तिथे घाण साचलीय म्हणून, आणि तुम्ही नेमकी तीच जागा सोडताय!

1965 साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लो यांनी धडधाकट माणसांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. पुन्हा घासायला लागल्यावर आठवडाभरात पूर्ववत. हा झाला जिंजिव्हायटिस: हिरडी लाल, फुगीर, ब्रश लागला की रक्त. दाताला धरणारं हाड शाबूत असतं, त्यामुळे स्केलिंग (म्हणजे क्लिनिंग, दातांवर घट्ट बसलेलं कीटण काढणं) आणि नीट ब्रश एवढ्यावर भागतं. मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणून काही होत नाही.

दुर्लक्ष केलं तर काहींचा पुढे पायरिया होतो. हिरडी दातापासून सुटते, आत खिसा तयार होतो, हाड झिजतं. आम्ही खुणा असलेली बारीक सळई घालून तो मोजतो. 3 मिलिमीटरपर्यंत ठीक, 4 आणि पुढे गेला की एक्स-रे काढायचा. मग मुळापर्यंत सफाई, कधी शस्त्रक्रिया. गेलेलं हाड सहसा भरून येत नाही. आणि हे सगळं बहुधा न दुखता चालतं. बिडी-सिगारेटवाल्यांना तर रक्तही कमी येतं, म्हणून ते निर्धास्त.

'क्लिनिंगने दात हलतात' म्हणे! खालच्या पुढच्या दातांमागे लाळग्रंथीचं तोंड असतं, तिथे कीटण सिमेंटसारखं बसतं. ते काढलं की जिभेला फटी लागतात, दात मोकळे वाटतात. हाड आधीच गेलेलं असतं, बोल मात्र आम्हाला.

मशेरीने हिरडी घट्ट होते, हा असाच एक समज. भाजली तरी ती तंबाखूच. हिरडी मागे सरकते आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो तो वेगळाच.

बीपीची अॅम्लोडिपिन किंवा फिटची फेनिटॉइन घेणाऱ्या काहींच्या हिरड्या वाढतात. गोळी स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. दातांमधल्या हिरडीची टोकं कुरतडल्यासारखी दिसून वेदना आणि घाण वास असेल, तर त्याच दिवशी दाखवा. गरोदरपणात सूज वाढते. 'बाळंतपणानंतर बघू' म्हणणाऱ्या सासूबाईंना सांगते, स्केलिंग तेव्हाही करता येतं. आणि शुगरवाल्यांनो, पायरियाने शुगर आटोक्यात राहत नाही, वाढलेल्या शुगरने पायरिया बळावतो. पाय तपासून घेता तसं तोंडही दाखवत जा.