ताई, पारख करायला वचनानंच सांगितलंय

ताई, सलाम.

दर्शनांची पारख करावी, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पवित्र आत्म्याच्या आवाजाची चौकशी करत बसणं हा अविश्वास आहे, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली संजीवन, म्हणजे आत्मिक जागृतीची लाट, आलं तेव्हा पंडिता रमाबाई कसोट्या लावत बसल्या नव्हत्या, असं तुम्ही लिहिलंत.

रमाबाईंनी ते संजीवन थांबवलं नाही, हे खरं. पण १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावर, मठातल्या ज्या ख्रिस्ती भगिनींच्या आश्रयाला होत्या त्यांच्याशीच याच बाईंनी पत्रांतून वाद घातला. केवळ मंडळी, म्हणजे चर्च, सांगते म्हणून एखादं मत त्या घेईनात, शास्त्रात दिसलं पाहिजे म्हणत. पुढे बायबल मराठीत आणायला हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, आणि १९२२ साली वारल्या तोवर त्या कामाला चिकटून राहिल्या. दुसऱ्याच्या शब्दावर विसंबणाऱ्या बाईचं हे काम नाही.

बायबलमधल्या पत्रात थेस्सलनीकाकरांना पौल ‘आत्म्याला विझवू नका’ म्हणतो. तेवढंच तुम्ही दिलंत. दोनच वचनं पुढे ‘सर्व गोष्टींची पारख करा’ आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द नाणी आणि धातू पारखण्यासाठीही वापरत.

मी इतकं पोटतिडकीनं का लिहितो, तेही सांगतो. आईला साखर आहे. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘प्रभू म्हणतो, आजपासून गोळ्या बंद.’ आईनं गोळ्यांचा डबा फडताळात बायबलशेजारी ठेवून दिला. मी रोज तो तिथं बघत होतो. चौथ्या आठवड्यात तिच्या पायाची जखम चिघळली, दोन बोटं काढावी लागली. प्रचारक पुन्हा फिरकले नाहीत. आज असं कुणी म्हणालं तर मी आधी विचारीन, उद्या हिचं काही बिघडलं तर तुम्ही दवाखान्यात येऊन बसाल का? फळांवरून ओळखा, असं प्रभूनं सांगितलंय, आणि फळ दिसायला थांबावं लागतं.

तुमचं एक म्हणणं मात्र लागलं. मी कसोटी लावतो ती दुसऱ्यांच्या दर्शनांना, स्वतःच्या मनाला नाही. खरंय. आईच्या गोळ्या बंद होत्या त्या दिवसांत ‘गप्प राहा, आत्म्याला विझवू नकोस’ हा आवाज मलाही प्रभूचाच वाटला होता. ती मंडळीत चारचौघांत बोलायची भीती होती. लेखात मी हे लिहिलंच नाही. तो भाग आज रात्री नव्यानं लिहितो.