बॉल पायथनचा ‘पक्का रंग’: फिरत्या मेसेजला उत्तर

म्हापशापासून काणकोणपर्यंत साप, मासे, पोपट पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यात म्हटलंय की बॉल पायथन या आफ्रिकन अजगराचा मॉर्फ (जनुकांमुळे आलेला रंग-नक्षीचा प्रकार) म्हणजे पक्का रंग, पिल्लू घेताना दिसतो तोच शेवटपर्यंत टिकतो. एका मॉर्फचे सगळे साप सारखेच, वेगळा दिसला तर भेसळ. रंग उतरलाच तर रोज तासभर उन्हात ठेवा. पायबाल्ड मॉर्फचं, म्हणजे अंगाचा काही भाग पांढरा असलेल्या सापाचं, पांढरं वाढत जाऊन साप शेवटी पूर्ण पांढरा होतो. आणि जनावर परदेशी असल्यामुळे कागदपत्रांची भानगड नाही. पाचही गोष्टी चुकीच्या आहेत.

उन्हाचं आधी घेतो, कारण त्यात साप दगावतो. बॉल पायथनला पेटीच्या उबदार टोकाला साधारण 31-32 अंश आणि दुसऱ्या टोकाला 25-27 अंश तापमान लागतं. गरम वाटलं की थंड बाजूला सरकता आलं पाहिजे. गोव्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात काचेची बंद पेटी ठेवली तर ही थंड बाजूच उरत नाही, आणि काही मिनिटांतच पारा चाळिशीपार जातो. शिवाय या सापाचा रंग उन्हाने चढत नाही. कातडीत कुठल्या रंगपेशी किती आणि कुठे असाव्यात, त्यांत कोणतं रंगद्रव्य तयार व्हावं, हे मुख्यतः जनुकं ठरवतात.

‘रंग उतरला’ म्हणून घाबरणाऱ्या बऱ्याच जणांचा साप खरं तर कात टाकायच्या तयारीत असतो. आधी पोट गुलाबीसर दिसायला लागतं, अंगावरची नक्षी धुरकट होते, मग डोळ्यांवर निळसर-दुधी पडदा येतो. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर लवकरच कात उतरते. त्या ताज्या अंगावर रंग सगळ्यांत खुलून दिसतो. विक्रेते फोटो नेमका तेव्हाच काढतात, हेही ध्यानात ठेवा.

आता मुख्य दावा, पिल्लाचा रंग कायम टिकण्याचा. पेस्टल हा मॉर्फ घ्या. पिल्लू असताना पिवळाधमक, आणि दोन-तीन वर्षांत त्या पिवळ्यात तपकिरी मिसळत जातो. ॲक्झँथिक म्हणजे पिवळं रंगद्रव्य जवळजवळ नसलेला साप. अंड्यातून निघतो तेव्हा काळा-चंदेरी असतो, पण वाढत्या वयात त्यावर तपकिरी झाक येते. काही लाइनमध्ये (पैदाशीच्या वंशांमध्ये) ती जास्त येते, काहींमध्ये कमी. अल्बिनोचं पिल्लू पांढऱ्या-पिवळ्याच्या ठळक फरकामुळे उठून दिसतं, मोठेपणी त्या दोन रंगांतली सीमा मवाळ होते. बनाना मॉर्फवर तर रंग उतरण्याऐवजी नवी भर पडते. पिल्लाच्या पिवळ्या अंगावर काही नसतं, पण वाढत्या वयात शाई शिंतडल्यासारखे बारीक काळे ठिपके उमटू लागतात. काहींवर मोजकेच, काहींवर अंगभर. ‘साप डागाळला, बुरशी आली’ म्हणून औषध लावणारे याच ठिपक्यांना घाबरलेले असतात. डेझर्ट घोस्ट या मॉर्फची चाल मात्र उलटी. पिल्लू फारसं नजरेत भरत नाही आणि वाढत्या वयात उजळत जातं. तेव्हा घेताना फक्त पिल्लाचा फोटो बघून चालत नाही. आईबापाचा आजचा फोटो मागा, शक्यतो साध्या उजेडातला, मोबाइलचा फिल्टर न लावलेला.

पावसाळ्यात एक अपवाद लक्षात ठेवावाच लागतो. पेटीतलं बिछान दिवसेंदिवस ओलं राहिलं तर पोटाच्या खवल्यांवर लालसर-तपकिरी चट्टे, कधी फोड येतात. हा मॉर्फचा गुण नव्हे, संसर्ग आहे. यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्यच गाठावा.

एका मॉर्फचे सगळे साप सारखे, हा दावा एका वाक्यात निकालात निघतो: एकाच वेळी घातलेल्या अंड्यांतल्या दोन भावंडांची नक्षी एकसारखी नसते. आपल्याकडे मोलेच्या जंगलात मलबारी चापडा हा साप हिरवा, पिवळा, तपकिरी अशा वेगवेगळ्या रंगांत दिसतो, तिथे कुणी भेसळ म्हणत नाही. आणि वयाबरोबर रूप बदलणंही काही परदेशी नवल नाही. गवत्या सापाच्या पिल्लाच्या मानेवरची ठळक पिवळी-काळी खूण मोठेपणी फिकी पडते.

पायबाल्डचं पांढरं वाढत नाही. अंड्यातून निघताना जेवढा भाग पांढरा, तेवढाच मोठेपणी. साप वाढतो तसा तो भागही त्याच प्रमाणात मोठा होतो, इतकंच. मुळात एका पायबाल्डवर जेमतेम एक पट्टा पांढरा, तर दुसऱ्याचं डोकं सोडून जवळपास सगळं अंग पांढरं, एवढा फरक जन्मतःच असतो. वेगवेगळे साप बघून एकच साप बदलला असं कुणाला तरी वाटलं असावं.

राहिले कागद. बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला, साइट्सच्या (संकटग्रस्त प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टातला. 2022 च्या दुरुस्तीनंतर आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अशा प्रजातींसाठी चौथी अनुसूची आली, आणि 2024 च्या नियमांप्रमाणे जनावराची नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. पिल्लं झाली तर तीही कळवावी लागतात. (आपल्या रानातला अजगर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला घरात ठेवायचा प्रश्नच येत नाही.) बँकॉकहून आलेल्या सामानात लपवलेली बॉल पायथनची पिल्लं चेन्नई विमानतळावर कस्टम्सने एकदा नव्हे, अनेकदा पकडली आहेत. ‘गोव्यात कोण विचारतोय’ असं म्हणून कुणी बिनकागदाचं पिल्लू स्वस्तात देत असेल, तर रंगाआधी ते आलं कुठून हे विचारा.