मुदतवाढीचा खेळ
१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवण्यासाठी महाराष्ट्रात ३१ मार्च २०२५ ही मुदत जाहीर झाली, तेव्हा दुचाकीसाठी ४५० रुपये अधिक जीएसटी भरून आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी निमूटपणे रांगेत उभा राहिलो. त्यानंतर हीच मुदत ३० एप्रिल, ३० जून, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर अशी सरकत गेली आणि शेजारचे काका प्रत्येक वेळी, ‘तुम्हालाच फार घाई होती,’ असे हसून ऐकवत राहिले. नियमाला माझा विरोध नाही. एकदा बसवलेली प्लेट सहज काढता येत नसल्याने चोरीच्या गाडीचा नंबर बदलणे अवघड होते, हे मला पटते. परंतु वेळेत नियम पाळणाराच वेडा ठरावा, हे कसले धोरण? चारचाकीची प्लेट राहिली होती, तेव्हा (सांगायला लाज वाटते) मीही पुढच्या तारखेची वाट पाहू लागलो.