चुंबक लावून चाकू घेऊ नका, त्या मेसेजमधलं बरंच चुकीचं आहे

व्हॉट्सॲपवर एक मेसेज लै फिरायलाय, आपल्या बीड-परभणीकडच्या शेतीच्या ग्रुपवर तर सारखा कुणीतरी टाकतंय. म्हणणं असं की स्टेनलेसचा घडीचा चाकू धार धरतच नाही, पात्याला चुंबक चिकटला की ते बनावट समजा, आणि खरं पातं पाहिजे तर गाडीचा जुना पाटा (स्प्रिंगची पट्टी) लाल करून पाण्यात बुडवा, जेवढं कडक तेवढं भारी. लोक हे वाचून पैसे घालवायलेत म्हणून लिहितो.

चुंबकाचं पटकन सांगतो. ताट-वाट्यांचं ३०४ जातीचं स्टेनलेस, त्यात क्रोमियम १८ टक्के, निकेल ८ टक्के, कार्बन नावाला. त्याला चुंबक चिकटत नाही, पण ते तापवून कडकही होत नाही. चाकूचं स्टेनलेस म्हणजे ४२०, ४४०सी वगैरे, त्याला चुंबक चिकटतोच. म्हणजे मेसेज ऐकून न चिकटणारं पातं शोधून आणलं तर धार न धरणारंच घरी येणार.

आता धारेचं. ४४०सी मध्ये कार्बन साधारण १ टक्का, गाडीच्या पाट्यात ०.६ च्या आसपास, मग स्टेनलेस मुळातच मऊ असतं हे कसं काय? बाजारातलं स्वस्त पातं लगेच बोथट होतं कारण एकतर पत्रा कमी कार्बनचा, नाहीतर हीट ट्रीटमेंट, म्हणजे तापवून-विझवून कडक करायचं काम, उरकून टाकलेली. ४४०सी ला १०१० ते १०६५ डिग्री सेल्सिअसपर्यंत नेऊन तिथं काही वेळ धरावं लागतं, तेव्हा कुठं क्रोमियमनं बांधून ठेवलेला कार्बन सुटून पोलादात मुरतो. कोळशाच्या भट्टीवर अंदाजानं हे जमत नाही.

पाटा चांगलाच आहे, आपले कोयते-विळे त्याचेच होतात. पण ते पोलाद लाल तापवून तेलात विझवायचं, म्हणजे बुडवून एकदम गार करायचं, पाण्यात पातळ पात्याला चीर जाऊ शकते. आणि नुसतं विझवून सोडलेलं पातं काचेसारखं फुटतं. जाणता लोहार काय करतो बघा, अख्खं पातं बुडवत नाही, धारेची बाजू तेवढी विझवतो, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतो आणि पाठीतली उष्णता धारेकडं सरकताना रंगावर नजर ठेवतो. फिकट पिवळा आला की लगेच परत गार. पुढं तपकिरी, जांभळा, निळा, तसतशी धार मऊ पडत जाते, म्हणून चाकूला पिवळ्यावर थांबायचं, कोयत्याला घाव सोसायचे असतात तर थोडं पुढं गेलेलं चालतं. जालन्याची टीएमटी, म्हणजे बांधकामाची सळईसुद्धा अशीच बनते, बाहेरून पाण्याचा मारा आणि मग आतल्याच उष्णतेनं वरचं कवच थोडं नरम. त्या सळईचा चाकू मात्र करू नका, तिच्यात कार्बन ०.३ टक्क्यापेक्षा जास्त नसतो.

जेवढं कडक तेवढं भारी म्हणणाऱ्यांनी विक्टोरिनॉक्सचा खिशातला चाकू बघावा, पातं ५५-५६ रॉकवेलच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास, आणि जगभर लोक तो वर्षानुवर्षं वापरतात. खिशातल्या चाकूनं आपण सुतळी कापतो, डबा उचकटतो, तिथं फार कडक धारेचे तुकडे उडतात.

शेवटचं, बाजारात मोटारीच्या कोरड्या चाकावर धार लावताना कडा निळी पडली तर तेवढ्या जागेचं पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला समजा, पातं कितीही भारी असो. तो भाग घासून काढल्याशिवाय तिथं धार टिकणार नाही. दगडावर पाणी टाकून सावकाश लावा, मोटारच वापरायची तर दर घासणीला पातं बादलीत बुडवून गार करायला सांगा.